गोळी हातात आहे, घेऊ की नको? ७२ तासवाली, दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती. लवकर सांगा प्लीज

पाऊसवेडी_गुहागर
नाव नाही सांगत, समजून घ्या. गुहागर तालुक्यात सासर, वय २९, एक मुलगा आहे पावणेदोन वर्षांचा, अजून रात्री अंगावर पितो. नवरा मुंबईला कामाला असतो, गणपतीला आलाय. बुधवारी रात्री कंडोम फाटला आणि ते आम्हाला नंतर कळलं. आज शुक्रवार दुपार, म्हणजे ४० तास होत आले. त्या रात्री पाळीचा तेरावा दिवस होता, माझी पाळी तशी २८-२९ दिवसांनी येते.

गावातल्या मेडिकलमध्ये जायची सोयच नाही, तो माणूस सासऱ्यांबरोबर आरतीला झांजा वाजवतो. शृंगारतळीला पण सगळी ओळखीची. म्हणून नवऱ्याने बाईकचं काम काढलं आणि चिपळूणहून गोळी घेऊन आला, एकच गोळी आहे पाकिटात, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम लिहिलंय. ती आता माझ्या हातात आहे आणि घ्यायची हिंमत होत नाहीये, कारण जाऊबाई मागे कुणाबद्दल तरी म्हणालेल्या की हिने असली गोळी घेतली म्हणून हिची पिशवी खराब झाली आणि नंतर मूलच राहिलं नाही. आम्हाला दुसरं हवंय हो, पण आत्ता नाही, दोन वर्षांनी. दुसरं म्हणजे कुठेतरी वाचलं की दूध आटतं. तर सेफ आहे का, उशीर झालाय का, आणि घेतल्यावर बाळाला पाजलं तर चालेल का एवढं कोणीतरी नीट माहिती असलेल्याने सांगा. घर माणसांनी भरलंय, बाथरूममध्ये बसून टाईप करतेय.

फार्मसीवाला_चिपळूण
ताई आधी गोळी घ्या, मग पुढचं वाचा. मी मस्करी करत नाहीये, या गोळीत घड्याळच महत्त्वाचं आहे. पाण्याबरोबर गिळा, काहीतरी खाऊन घेतलीत तर मळमळ थोडी कमी होते, पण त्यासाठी जेवणाची वाट बघत बसू नका. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर तो डोस गेला असं समजायचं आणि परत घ्यायची.

आता बाकीचं. मी वीस वर्षांच्या वर काउंटरवर उभा आहे, त्यामुळे या गोळीबद्दल काय काय बोललं जातं ते सगळं ऐकून झालंय. पिशवी खराब होत नाही. मूल राहायला पुढे अडचण येत नाही. यातलं औषध नवीन काही नाही, रोज घ्यायच्या संततिनियमनाच्या बऱ्याच गोळ्यांत हेच औषध कमी प्रमाणात असतं, इथे एकदम मोठा डोस देतात आणि तो काही दिवसांत शरीरातून निघून जातो. मळमळ, डोकं दुखणं, थकल्यासारखं वाटणं, छाती जड होणं, मधेच थोडं स्पॉटिंग, आणि पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होणं हे होऊ शकतं. पाळीची गडबड झाली की बायका घाबरतात आणि तिथूनच या पिशवीच्या गोष्टी सुरू होतात असं माझं मत आहे. पाजायला हरकत नाही, दूध आटत नाही. फारच मनात असेल तर बाळाला पाजून लगेच गोळी घ्या म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत मधे वेळ जातो, पण ते पण सक्तीचं नाही.

उशीर झालाय का, तर जितकी लवकर तितकी चांगली. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या २४ तासांत घेतली तर राहू शकणारे दिवस ९५ टक्के टळतात, ४८ पर्यंत ८५ आणि ७२ पर्यंत ५८ असं आलं होतं. नंतरच्या अभ्यासांत उतरण इतकी उभी दिसली नाही, पण दिशा तीच. आणि हे टक्के लोक चुकीचे वाचतात म्हणून सांगतो. पाळीच्या मधल्या दिवसांत एकदाच असुरक्षित संबंध आला अशा १०० बायका घेतल्या तर काहीच न करता साधारण ८ जणींना दिवस जातात, शंभरच्या शंभर जणींना नाही. गोळी घेतल्यावर त्या ८ च्या जागी १-२ राहतात. म्हणजे काम करते, पण कवच नाहीये.

देवरुखची_पोर
दादा पण ही पाडायचीच गोळी ना? म्हणजे मी जज करत नाहीये, आमच्या हॉस्टेलला सगळ्या तसंच म्हणतात म्हणून विचारलं.

फार्मसीवाला_चिपळूण
नाही, आणि हा घोटाळा माझ्या दुकानात पण होतो, दोन्ही गोळ्यांना लोक "ती गोळी" म्हणतात आणि मान खाली घालतात, मग मीच विचारतो की बाबा नक्की कुठली.

ही गोळी बीज बाहेर पडायचं लांबवते, बास. बीज बाहेर पडायच्या आधी मेंदूकडून हार्मोनची एक लाट येते, ती लाट यायच्या आधी गोळी पोचली तर बीज थांबतं, आणि शुक्राणू वाट बघून बघून पाच-सहा दिवसांत मरतात. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळी काही करू शकत नाही. स्टँडवर उभी असलेली एसटी थांबवता येते, घाटात गेलेली नाही. म्हणूनच आधीच दिवस गेले असतील आणि चुकून ही गोळी घेतली तरी गर्भ पडत नाही आणि गर्भाला काही अपाय पण होत नाही.

पाडायची वेगळी, त्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल अशी दोन औषधं असतात, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे आणि ती डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायची असते. ७२ तासवाली मात्र २००५ पासून बिनाचिठ्ठीची आहे. २००७ मध्ये आयपिल आली आणि टीव्हीवर जाहिराती लागल्या तेव्हापासून नाव घराघरात गेलं, पण माहिती काही गेली नाही घराघरात.

पाऊसवेडी_गुहागर
घेतली. आत्ताच. बरं वाटलं वाचून, खूप थँक्यू दादा. आता टेन्शन घेऊ नको ना?

निवृत्त_सिस्टर
बाळा जरा थांब. फार्मसीवाले भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं पण एक विचारायचं राहिलं, मी उभा जन्म उपकेंद्रावर काढलाय म्हणून माझ्या जिभेवर हा प्रश्न आधी येतो. तू रोजच्या दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतेस का? टीबीच्या, फिटच्या, किंवा कुठल्याही? आणि वजन साधारण किती?

पाऊसवेडी_गुहागर
वजन ५६ आहे सिस्टर.

फिटच्या गोळ्या चालू आहेत, कॉलेजला होते तेव्हापासून. एप्टॉइन. फिट बरीच वर्षं आलेली नाही. त्याचा काय संबंध? मला कोणीच कधी सांगितलं नाही.

निवृत्त_सिस्टर
वजनाचं काही नाही, पण फिटच्या गोळ्यांचा संबंध आहे. घाबरू नकोस, वेळ हातात आहे, पण नीट वाच.

एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन. ते लिव्हरला इतकं कामाला लावतं की बाकीची बरीच औषधं शरीरातून भराभर बाहेर टाकली जातात, त्यात ही गोळी पण आली. म्हणजे तू घेतलीस १.५ मिलिग्रॅम पण अंगी लागणार त्याहून कमी. कार्बामाझेपिन, म्हणजे टेग्रिटॉल, फिनोबार्ब, आणि टीबीतलं रिफाम्पिसिन यांचं पण तसंच, आणि ही औषधं बंद केल्यावर पण चार आठवडे त्यांचा हा परिणाम राहतो. म्हणून तर ऐक: एप्टॉइन आपल्या मनाने एक दिवस सुद्धा बंद करायची नाही. गोळी लागू पडावी म्हणून फिटची बंद केली आणि फिट आली, असं व्हायला नको.

घेतलेली गोळी वाया गेली असं नाही, अपाय तर काहीच नाही. पण तुझा तेरावा दिवस होता, म्हणजे नेमका बीज सुटायचा सुमार, आणि वर एप्टॉइन. फक्त तिच्यावर विसंबून मी तुला पाळीची वाट बघत बसवणार नाही. परदेशातल्या मार्गदर्शक सूचनांत अशा बायकांना दुप्पट डोस, म्हणजे ३ मिलिग्रॅम, द्यावा असं आहे, पण त्याचा नक्की किती उपयोग होतो हे तिथेही पक्कं सांगत नाहीत, आणि दुसऱ्या कुठल्या बाईने हे वाचून आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टरला विचारून.

तुझ्यासाठी खरा उपाय तांबी. कॉपर-टी. संबंध आल्यापासून पाच दिवसांच्या आत बसवली तर ९९ टक्क्यांच्या वर काम करते, या गोळीपेक्षा कितीतरी पक्की, आणि तिच्यात हार्मोनच नाही त्यामुळे एप्टॉइनचा आणि तिचा काही संबंध येत नाही. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात. दुधाला चालते. दोन वर्षांनी मूल हवं तेव्हा काढून टाकायची, काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. आणि सरकारी दवाखान्यात फुकट.

बुधवार रात्रीपासून पाच दिवस म्हणजे सोमवार रात्र. पण सोमवारवर ढकलू नकोस, मधे रविवार आहे आणि गणपतीत निम्मा स्टाफ रजेवर असतो. उद्या शनिवारी सकाळीच ग्रामीण रुग्णालयात जा, आधी फोन करून तांबी बसवणारे डॉक्टर किंवा सिस्टर आहेत का विचार. तिथे नाही झालं तर चिपळूणला कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. गेल्यावर सांगायचं की कंडोम फाटला, अमुक वेळेला, फिटची औषधं चालू आहेत, पाच दिवसांच्या आत तांबी हवी. एवढं एका दमात सांगितलं की समोरचा पुढचे प्रश्न कमी विचारतो.

पाऊसवेडी_गुहागर
सिस्टर मी रडतेय आता. घरातून बाहेर कशी पडू? विसर्जनाची गडबड, सासूबाई विचारणार कुठे चाललीस. आशाताईंना विचारावं तर त्या माझ्या चुलत नणंद आहेत 🙈

आणि पहिल्या वेळी डॉक्टरांनी दिवस राहायच्या आधीपासूनच फॉलिकची गोळी चालू केली होती फिटच्या औषधांमुळे, आता तर तसं काहीच नाही, म्हणून जास्त भीती वाटतेय.

निवृत्त_सिस्टर
रडू नको गं. मुलगा पावणेदोनचा ना? सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. झालाय का? नसेल तर लसीकरणाचं कार्ड काढ, मुलाला घे, नवऱ्याला बाईकवर बस म्हण. डोस द्यायचा राहिलाय म्हटल्यावर कुठलीही सासू अडवत नाही. त्या दिवशी लस मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाली तरी तारीख विचारून आलात.

पहिल्या वेळी फॉलिक दिलं ते बरोबरच केलं तुझ्या डॉक्टरांनी. फेनिटॉइनवर असताना ठरवून, डॉक्टरांशी बोलून दिवस राहू द्यायचे असतात. म्हणून तर मी तांबीसाठी एवढी मागे लागलेय.

आणि कोणी काही विचारलं तर लक्षात ठेव, तू सज्ञान आहेस, तांबी बसवायला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच नाही. तुझा नवरा बरोबर आहे ते चांगलंच आहे.

मालवणातली_आजी
गो बाय, माका ह्या गोळयेतला काय कळना नाय, आमच्या टायमाक नव्हतीच. पण येक सांगतंय. आमच्या वाडयेत बायो कच्ची पपई खाऊन, काळो काढो पिऊन, पडवीरसून उडये मारून बघीत आणि नऊ म्हयन्यांनी बारश्याचे लाडू वाटीत. पपयेन काय एक जायत नाय. सिस्टर सांगता तसा कर. आणि तुझो घोव चिपळूणाक जाऊन गोळी घेवन इलो, बरो माणूस आसा हो, आमचो फक्त बिडये आणूक जाय.

बोटीवरचा
मी मर्चंट नेव्हीत आहे, सहा-सहा महिने बोटीवर, मग घरी. आमच्याकडे पण हाच प्रश्न होता, रोज गोळी घ्यायची तर वर्षातले अर्धे दिवस मी घरीच नाही. बायकोने सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन घेतलं, तीन महिन्यांनी एक. फुकट आहे आणि दंडावर घेतात, कोणाला काही कळत नाही. ताईंनी तो पण विचार करावा. आणि नवऱ्यांसाठी एक सल्ला, कंडोम खिशातल्या पाकिटात ठेवून मुंबई-गोवा हायवेवर दहा तास बसून येऊ नका, उष्णतेने आणि घासून तो तिथेच मेलेला असतो.

निवृत्त_सिस्टर
हे पाकिटाचं फार बरं बोललात, आणि तेल पण लावू नये, खोबरेल तेलाने रबर फाटतं. कोकणात घरोघरी खोबरेल, म्हणून मुद्दाम सांगते, बायका सांगायला लाजतात पण कारण बऱ्याचदा तेच असतं.

अंतरा चांगलं आहे, फिटच्या औषधांबरोबर पण चालतं. पण दोन गोष्टी. एक म्हणजे ते झालेल्या संबंधावर उपाय नाही, पुढच्यासाठी आहे. दुसरं, इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, आणि हिला दोन वर्षांनी दुसरं हवंय. म्हणून हिला तांबीच.

पाऊसवेडी_गुहागर
दादा, कंडोम नवीन पाकिटातलाच होता. पण तेलाचं वाचून आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय 😐

देवरुखची_पोर
माझा पण प्रश्न घ्या ना इथेच. मी २१ ची आहे. मागे मैत्रिणीसाठी गोळी आणायला गेले तर मेडिकलवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं लग्न झालंय का, चिठ्ठी आण. मी तशीच परत आले. असं विचारू शकतात का? आणि ती मैत्रीण दोन महिन्यांत तीनदा घेऊन बसलीये, तिला काही होईल का? खरंच मैत्रीण आहे, मी नाही.

फार्मसीवाला_चिपळूण
असं विचारायचा कोणाला अधिकार नाही. चिठ्ठी लागत नाही, लग्नाचा दाखला तर कुठल्याच गोळीला लागत नाही. माझ्याच धंद्यातली माणसं असं वागतात याची लाज वाटते, पण ते होतं हे खरंय. काही दुकानदार भानगड नको म्हणून ठेवतच नाहीत, काहींना पाडायची आणि ही यातला फरक स्वतःलाच माहीत नाही. पुढच्या वेळी नाव सांगून मागा, "लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम द्या" असं. औषधाचं नाव घेतलं की समोरचा सरळ होतो असा माझा अनुभव आहे. पैसे शंभरच्या आसपास जातात. आणि आशाताईंकडे सरकारी गोळी असते, २०११ मध्ये घरपोच द्यायची योजना आली तेव्हा दोन रुपये ठेवले होते. तीच गोळी, तेच औषध, पाकीट साधं. फक्त आशाताई चुलत नणंद नको 😄

निवृत्त_सिस्टर
मैत्रिणीला सांग, तीनदा घेतली म्हणून पिशवीला किंवा पुढे मूल व्हायला काही होत नाही, पण पाळीचा पार गोंधळ उडेल, मग दर महिन्याला उशीर झाला की छातीत धस्स. आणि माझा मुद्दा वेगळाच आहे. इतकी वर्षं बघतेय, बायका या गोळीला घाबरतात ती विषारी आहे म्हणून, आणि भरवसा ठेवतात ती पक्की आहे म्हणून. दोन्ही उलटं आहे. गोळी सुरक्षित आहे पण पक्की नाही. दर वेळी १००त १-२ असं धरलं आणि महिन्यातून दोनदा-तीनदा त्याच्यावर वर्ष काढायचं म्हटलं तर एक दिवस चुकायचीच. आणि गोळी घेतल्यानंतर पुढच्या दिवसांत परत संबंध आला तर त्याला ती गोळी पुरत नाही, उलट बीज लांबलेलं असतं त्यामुळे दिवस जायचा धोका पुढे सरकतो. हे तर कोणी सांगतच नाही.

तिने रोजची माला-एन घ्यावी, नाहीतर छाया. छायामध्ये हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा. दोन्ही सरकारी दवाखान्यात मिळतात, एकदा तपासून घेऊन सुरू करायची. आणि कंडोम वेगळा हवाच, एचआयव्ही, गुप्तरोग यांना यातली कुठलीच गोळी अडवत नाही.

आणि चुकून राहिलेच दिवस, तर काढे आणि कुणाच्या ओळखीतल्या बाईकडे जाणं हे करू नका. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये सुधारला, लग्न न झालेल्या बाईला पण लागू आहे, नाव बाहेर सांगायचं नाही हे डॉक्टरवर बंधन आहे. जितकं लवकर जाल तितकं सोपं.

लांज्याचा_बागायतदार
बायकोचं विचारतोय. भात लावणीपासून आमच्याकडे लेप्टोच्या गोळ्या आठवड्याला देतात, डॉक्सी. अँटिबायोटिक चालू असलं की ही गोळी लागू पडत नाही असं ऐकलं होतं. खरं का?

फार्मसीवाला_चिपळूण
डॉक्सीचा काही त्रास नाही, बिनधास्त. अमॉक्सिसिलिन वगैरे रोजची अँटिबायोटिकं पण चालतात. भांडण आहे ते रिफाम्पिसिनचं, म्हणजे टीबीचं, आणि त्याच्या भावंडांचं. एक खरं की डॉक्सीने काहींना मळमळतं आणि या गोळीने पण मळमळतं, तर दोन्ही एका वेळी नका देऊ, उलटी झाली तर कोणाची उलटी ते कळणार नाही.

पाऊसवेडी_गुहागर
शनिवार संध्याकाळ. झालं!!

सकाळी कार्ड घेऊन निघालो, सासूबाईंनी उलट मुलाला टोपी घातली आणि लवकर या म्हणाल्या. पहिल्या ठिकाणी तांबी बसवणाऱ्या मॅडम रजेवर होत्या, तिथल्या सिस्टरनेच पुढे फोन लावून दिला. पुढच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सगळं नीट विचारलं, आधी युरीनची टेस्ट केली, आतून तपासलं, मग बसवली. पाच-सात मिनिटं. खोटं नाही बोलणार, दुखलं, बसवताना एक कळ येते पाळीसारखी आणि नंतर तासभर पोटात ओढ होती, पण बाळंतपणाच्या पुढे काहीच नाही. कार्ड दिलंय, ३८० ए लिहिलंय, दहा वर्षं चालते म्हणाल्या. एप्टॉइनचं ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या बरं झालं गोळीवर थांबली नाहीस.

मुलाचा डोस पण झाला. आता त्याला ताप आलाय आणि मांडी धरून रडतोय, त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे आहे.

निवृत्त_सिस्टर
शाब्बास. बूस्टरने बऱ्याचदा ताप येतो, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे दिलं असेल त्यांनी तेवढंच द्यायचं, मांडी चोळायची नाही.

तुझं आता. पहिल्या दोन-तीन पाळ्या जास्त जातील, पोट पण दुखेल, ते सवयीचं होतं. मधेच स्पॉटिंग झालं तर घाबरू नको. पण खूप ताप, वास येणारा पांढरा स्त्राव, किंवा एका बाजूला सहन न होणारं पोटात दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट नाही बघायची. पाळी आली की एकदा दाखवून ये, दोरा जागेवर आहे ना ते बघतात. गोळी पण घेतल्यामुळे पाळी थोडी पुढे-मागे होईल, आठवड्याच्या वर लांबली तर टेस्ट कर, नाहीतर बुधवारपासून तीन आठवड्यांनी करून टाक म्हणजे डोक्यातून जाईल. आणि फिटच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी सांग की तांबी बसवलीये आणि दोन वर्षांनी दुसरं हवंय. औषध बदलायचं असेल तर ते आधीपासून बदलतात.

पाऊसवेडी_गुहागर
हो सिस्टर. आणि नवरा विचारतोय, त्याने चिपळूणहून येताना घाबरून दोन पाकिटं आणली होती, एक उरलंय. फेकू का?

फार्मसीवाला_चिपळूण
फेकायचं कशाला, पण तुम्हाला आता गरज नाही आणि एप्टॉइनवर असताना तुमच्यासाठी ती नाहीच. बाकी घरात एक ठेवलेली चुकीचं नाही, मी तर ओळखीच्या जोडप्यांना सांगतोच की एक आणून ठेवा, पावसात रस्ते बंद झाले की २४ तास तिथेच जातात. पाकिटावरची तारीख बघायची, पत्र्याच्या कपाटात नको, तापणार नाही अशा कोरड्या जागी ठेवायची, पट्टी फुटलेली नसावी. तुमच्या नवऱ्याला म्हणावं बिल असेल तर घेऊन या, माझ्याच दुकानातलं असलं तर परत घेतो. बाईकचं काम सांगून घाईघाईत दोन पाकिटं नेणारा एक जण गुरुवारी आला होता खरा.

पाऊसवेडी_गुहागर
अरे देवा 😂 निळा रेनकोट?

फार्मसीवाला_चिपळूण
ते मी सांगणार नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट दुकानातच राहते.